गरम झाली की सेल्फ घेत नाही : एका पद्मिनीचं प्रकरण

एप्रिलमधली दुपार. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, गाडी मामा चालवत होते. खंबाटकी चढून घाटमाथ्यावर चहाला थांबलो. वीसेक मिनिटांनी मामांनी किल्ली फिरवली, तर सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, एकदा कण्हला, अर्धा फेरा घेतला आणि थांबला. पुन्हा किल्ली. नुसतं ‘टक्’. मामा शांतपणे उतरले, डिकीतून फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ठेवलं.

“एअर लॉक झालंय, पेट्रोलची वाफ होऊन वाट अडलीय. दहा मिनिटं थांब, आपोआप येईल.”

दहाची वीस मिनिटं झाली. पुढे उतारच होता, म्हणून टपरीवरच्या दोन पोरांनी हात लावला. मामांनी दुसऱ्या गिअरात क्लच सोडला आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं.

“बघ, फडक्याने काम केलं!”

खरं तर निदान त्याच क्षणी हाती आलं होतं. पेट्रोल पोहोचत नसेल किंवा ठिणगी पडत नसेल, तर गाडीला कितीही ढकला, ती अशी पटकन पेटत नाही. हिला एक हिसका पुरला. म्हणजे पेट्रोल होतं, ठिणगीही होती. इंजिन फिरवणारा कोणी नव्हता, इतकंच. पण उन्हात घामाघूम झाल्यावर एवढा विचार कोण करतो? मीही केला नाही. हे डोक्यात शिरायला पुढे दोन महिने आणि नऊ-दहा हजार रुपये लागले.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, गिअरची दांडी स्टिअरिंगला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या कंपनीची ही गाडी पुढे मुंबईची काळीपिवळी म्हणून इतकी रुळली, की २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. मामांच्या गाडीला मात्र टॅक्सीचा रंग कधी लागला नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती पूर्ण खोलून नव्याने केली. इंजिन खाली उतरवलं, बॉडी खरवडून पत्र्यापर्यंत नेली, प्रायमर आणि रंगाचे थर दिले, इंजिनाच्या ब्रॅकेटांना पावडर कोटिंग केलं. वायरिंग मी स्वतः केलं. त्याचा मला अभिमान होता. ‘होता’ का म्हणतो, ते पुढे येईलच.

बॅटरी चार्ज करणाऱ्या मूळच्या डायनॅमोच्या जागी आधीच कुणीतरी त्याचा नवा अवतार, अल्टरनेटर, बसवलेला होता. जुन्या पद्धतीचा, नऊ डायोडचा (डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच असलेला. हा तपशील लक्षात ठेवा.

तक्रारी दोन होत्या. पहिली ही गरमपणाची : चांगली तास-दीड तास चालवून थांबवली की पंधरा ते चाळीस मिनिटांच्या मधल्या काळात सेल्फ घेत नाही, पूर्ण गार झाली की घेते. दुसरी बॅटरीची : पुण्यात चार-पाच दिवस बाजार, बँक, नातेवाईक असं फिरलं की बॅटरी उतरते, साताऱ्याला जाऊन आलं की तरतरीत होते. मामा मिस्त्रींना दोन्ही तक्रारी मिळून एका वाक्यात सांगत : “गरम झाली की चालू होत नाही.” या वाक्याने आमचा घात केला. ‘चालू होत नाही’ म्हणजे सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, की सेल्फच फिरत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात पेट्रोल आणि ठिणगी बघायची, दुसऱ्यात बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा रस्ता आणि खुद्द सेल्फ. मिस्त्रीसमोर गाडी उभी असायची तेव्हा ती गार असायची, एका किल्लीत सुरू व्हायची, आणि मग तो आपल्या आवडीचा भाग बदलायचा.

सर्वांत आधी बॅटरी बदलली. तीन आठवडे गाडी गुणी बाळासारखी वागली, मग पुन्हा तेच. मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल : गरम झाली की कॉइल दम टाकते, हे जुन्या गाड्यांबाबत खरंही आहे. योगायोगाने त्या आठवड्यात पाऊस झाला, गाडी तापलीच नाही, आणि सगळ्यांनी कॉइलला श्रेय दिलं. त्यानंतर सेल्फ खोलून त्यातले झिजणारे भाग, बुश आणि कार्बन, बदलले. यानंतर गाडी महिनाभर बरी होती, कारण बुश खरोखरच झिजलेले होते. गंमत अशी की प्रत्येक चुकीच्या इलाजाने थोडा थोडा गुण येत होता. नवी भरलेली बॅटरी व्होल्टभर जास्त देते, नवे बुश सेल्फचं ओझं कमी करतात, गार हवा सगळंच सोपं करते. मूळ दोष तसाच बसून होता, फक्त त्याला झाकायला रोज नवं पांघरूण मिळत होतं.

अल्टरनेटर दोनदा तपासून घेतला. दोन्ही वेळा मिस्त्रीने मीटर लावला, ॲक्सिलरेटर जोरात दाबला, १४.१ व्होल्ट दिसले. “चार्जिंग एकदम ओके आहे सर.” एका ठिकाणी तर इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनलच काढून दाखवलं, गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर चांगला. डायनॅमोच्या काळातली ही तपासणी अल्टरनेटरवर कधीही करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो. आमचा वाचला, हे नशीब.

शेवटी जूनच्या एका रविवारी मी ठरवलं की आता काही विकत आणायचं नाही, फक्त मोजायचं. आदल्या रात्री बॅटरी चार्जरला लावली. अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही माप विश्वासाचं नसतं. सकाळी, चार्जर काढून दोन तासांनी, १२.६ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत.

गाडी बंद असताना काही चोरून करंट खातंय का, तेही पाहिलं. गाण्याच्या सेटच्या घड्याळासाठी लागणारे काही मिलिअँपिअर, बाकी शून्य. हा मुद्दा तिथेच संपला.

मग कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन पेटणार नाही, फक्त फिरेल. गार गाडीवर पाच सेकंद सेल्फ मारला. मामा किल्लीवर, मी मीटरवर. बॅटरीच्या खांबांवर १०.६ व्होल्ट. वायरीला चिमट्यासारखा लावून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मित्राकडून आणला होता, त्यावर करंट १५० अँपिअर. घरातल्या वायरिंगसाठी मिळणारे स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतात, ते इथे कामाचे नाहीत. पॉझिटिव्ह बाजूला, म्हणजे बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड नटापर्यंत, ०.२ व्होल्ट खर्च होत होते. छान. निगेटिव्ह बाजूला, खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत, ०.९. इथे भुवई वर गेली. या बाजूला पाव व्होल्टच्या वर जायचं कारण नाही. म्हणजे गार असतानाही गाडी नापासच होती, ग्रेस मार्कांवर सुटत होती.

कॉइलची वायर परत जोडली आणि मामा गाडी घेऊन जुन्या कात्रज घाटात दोन फेऱ्या मारून आले. बॉनेट न उघडता वीस मिनिटं थांबलो. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि आतली सगळी उष्णता वर-बाजूला पसरते. बॉनेटखाली सर्वांत जास्त तापमान गाडी थांबल्यानंतर येतं, चालताना नाही. तपासायचं ते याच वेळी.

गरम गाडीवर तेच माप : बॅटरीवर ११.०, करंट १२५ अँपिअर, पॉझिटिव्ह बाजूला ०.२, निगेटिव्ह बाजूला तब्बल २.६ व्होल्ट. सेल्फच्या वाट्याला उरले ८.२. आणि समोर तेच रडगाणं, अर्धा फेरा, कण्हणं.

इथे एक गोष्ट मामांना पटायला वेळ लागला. गरम असताना बॅटरीचं व्होल्टेज वाढलं कसं? गार असताना १०.६ आणि आजारात ११.०? त्याचं कारण, रस्त्यात अडथळा वाढला, करंट कमी गेला, बॅटरीला कष्ट कमी पडले. म्हणून फक्त बॅटरीवर मीटर लावून बसणाऱ्याला हा दोष दिसतच नाही, उलट बॅटरी सुधारल्यासारखी वाटते. मामांना मी नळाचं उदाहरण दिलं : खालचा नळ कुणीतरी आवळला की टाकीची पातळी उतरत नाही, म्हणून काही घरात पाणी येतंय असं नाही.

मग निगेटिव्ह रस्त्याचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना मीटरच्या पिना, आणि दर वेळी तीन सेकंद सेल्फ. पिन बॅटरीच्या खांबावरच टेकवायची, खांबाला आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यातला गंज मापातून निसटतो. खांब ते क्लॅम्प ०.०५. केबल ते बॉडी ०.१. इंजिन ते सेल्फचं अंग ०.१५. आणि बॉडी ते इंजिन : २.३.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, आणि सेल्फचा सगळा करंट तिच्यातून परत येतो. आमची पट्टी नवी कोरी होती. ती ज्या जागी बोल्टने आवळली होती तिथे मात्र खाली दोन थर प्रायमर आणि तीन थर रंग होता. बोल्टच्या आट्यांनी जिथे रंग खरवडला तेवढ्याच जागेतून सव्वाशे-दीडशे अँपिअर जात होते. २.३ व्होल्ट गुणिले १२५ अँपिअर म्हणजे जवळजवळ २९० वॅट, एका बोल्टाखाली. तो तापायचा, जोड आणखी सैल पडायचा, अडथळा आणखी वाढायचा. त्यात सेल्फच्या आतलं तांबंही तापलेलं. तीस अंशांवरून शंभर अंशांवर गेलं की तांब्याचा विरोध साधारण पावपट वाढतो. चांगल्या गाडीत हे लक्षातही येत नाही, कारण हाताशी शिल्लक असते. आमची शिल्लक रंगाखाली गेली होती.

पुरावा आणखी एका ठिकाणी कधीपासून लटकत होता. चोकची (गार इंजिन सुरू करताना मिश्रण दाट करायला ओढतात त्या दांडीची) केबल गेले काही महिने घट्ट झाली होती, तिचं प्लास्टिकचं आवरण एका ठिकाणी वितळलं होतं. आम्ही म्हणालो, एक्झॉस्टला चिकटली असेल. प्रत्यक्षात पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंटने चोकच्या तारेतून वाट काढली होती : इंजिनावरच्या, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरपासून केबलमार्गे डॅशबोर्डच्या पत्र्यापर्यंत. सेल्फ मारल्यावर चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर आधी ही बॉडी-इंजिन जोडणारी अर्थची पट्टी बघा.

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर ही पट्टी मी पूर्वी तपासली होती आणि पास केली होती. दोष वीस मिलिओहमच्या आसपासचा, आणि माझ्या मीटरच्या वायरींचाच विरोध दोनशे मिलिओहम. गल्लीतल्या भाजीवाल्याच्या काट्यावर सोनं तोलण्याचा प्रकार. असा दोष करंट वाहत असतानाच, व्होल्ट मोजूनच सापडतो.

खात्रीसाठी जंपर केबलची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. गाडी गरमच होती. किल्ली फिरवताच सेल्फ असा फिरला की मामा दचकले. रस्त्यावर अडकलात तर हा इलाज दोन मिनिटांचा आहे, आणि निदानही तेवढ्यातच होतं.

दुरुस्ती अगदी साधी. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकला, वरून पेट्रोलियम जेली. शिवाय नाना पेठेतून २५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल आणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या बोल्टापर्यंत दुसरी अर्थ टाकली. पुन्हा कात्रज, पुन्हा वीस मिनिटं. बॅटरीवर १०.४, करंट १७०, पॉझिटिव्ह बाजूला ०.३, निगेटिव्ह बाजूला ०.२, सेल्फला ९.९. सेल्फ गरम असतानाही फुल्ल.

मामा खूश. “म्हणजे बॅटरीही याच्यामुळेच उतरत होती!” मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं, एका बोल्टात दोन्ही प्रश्न सुटले असते. पण हिशेब जुळेना. अल्टरनेटरचा परतीचा करंट त्याच पट्टीतून जातो हे खरं, पण तो पंधरा-वीस अँपिअर. वीस मिलिओहमवर वीस अँपिअर म्हणजे ०.४ व्होल्ट. चार्जिंग थोडं मंदावेल, चार दिवसांत बॅटरी झोपणार नाही. म्हणजे दुसरा चोर वेगळा.

आता इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटरला हात न लावता मीटर बघत बसलो. १२.३. पाच मिनिटांनी १२.२. हेडलाइट लावले, ११.८. अल्टरनेटर झोपलेला. ॲक्सिलरेटर दाबत गेलो तशी एका क्षणी सुई नाही, आकडाच उडाला : १४.१. पाय काढला, इंजिन संथ चालीवर आलं, तरी १३.९ टिकले. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, पुन्हा १२.३.

जागं व्हायला वेळ लावतो, एकदा जागा झाला की उत्तम काम करतो. मिस्त्री मीटर लावताना ॲक्सिलरेटर दाबत होते, म्हणून त्यांना तो नेहमी जागाच सापडला. साताऱ्याच्या रस्त्यावर तो दोन मिनिटांत उठायचा. लक्ष्मी रोडवर मात्र कधीच नाही.

या जातीच्या अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या विद्युतचुंबकाला, सुरुवातीला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो. तो येतो डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून. २.२ वॅटचा साधा बल्ब असेल तर सुमारे ०.१८ अँपिअर जातात, तेवढे पुरतात. तो दिवा म्हणजे नुसता इशारा नाही, वाटेतलं एक कामाचं उपकरण आहे. नव्याने वायरिंग करताना मी, हौसेने, डॅशबोर्डचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले होते. एलईडीतून जाणारा करंट मुळात किरकोळ. त्यात तिला उलटसुलट बाजू असते, आणि चार्जिंगची एलईडी मी उलटी बसवली होती. तिच्यातून काहीच जात नव्हतं. रोटरमध्ये उरलेल्या चिमूटभर चुंबकत्वावर अल्टरनेटर उठायचा, तेही वेग भरपूर मिळाला तरच.

आणि उलटी एलईडी लागतही नाही. चार्जिंग होत नसताना जो लाल दिवा बोंब मारायला हवा, तो दोन वर्षं गप्प होता. मी त्या गप्प दिव्याकडे बघून निश्चिंत होतो. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो लागायलाच हवा. एवढं एक पाहिलं असतं, तर त्या दोन तपासण्या वाचल्या असत्या.

बल्ब पंधरा रुपयांचा. लावला, किल्ली ऑन, लाल दिवा. इंजिन सुरू, दिवा विझला, संथ चालीवर १३.९. एलईडीच ठेवायची हौस असेल तर ती सुलट बसवून तिच्या समांतर ४७ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर टाकता येतो. माझी हौस फिटली.

ज्यांच्या जुन्या फियाटला अजून डायनॅमो आहे त्यांनी माझे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत. संथ चालीवर डायनॅमो चार्जिंग करत नाही, दिवा मिणमिणतो, तो त्याचा स्वभाव आहे. तिथे कटआउटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट आणि पट्ट्याचा ताण बघायचा.

आता गंमत. हे सगळं झाल्यावर पुढच्या मे महिन्यात, वाईला गणपतीचं दर्शन घेऊन आलो, आणि गाडी सुरू होईना. सेल्फ मस्त फिरत होता, इंजिन पेटत नव्हतं, पेट्रोलचा वास दाटला होता. हा खरोखरचा गरमीचा आजार. थांबलेल्या इंजिनाच्या उष्णतेने कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि जेटच्या बारीक छिद्रातून ठिबकत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, साचतं. मिश्रण इतकं दाट होतं की पेटत नाही. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांला उकळतो, पण पेट्रोलमध्ये मिसळला की मिश्रणाचा मोठा भाग त्याहून कमी तापमानालाच वाफ होऊ लागतो, त्यामुळे हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर याचा त्रास वाढला तर नवल नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंप करायचा नाही, प्रत्येक दाबाला कार्बोरेटर आणखी पेट्रोल ओततो. सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे हवा जास्त जाते. सहा-सात सेकंदांत इंजिन खोकत, काळा धूर सोडत सुरू झालं.

तोवर मामा डिकीकडे निघाले होते. “मामा, फडकं नको,” मी म्हणालो, “सेल्फ फिरतोय.”

“मग काय करू?”

“पेडल तळापर्यंत दाबून धरा, असं मी म्हणत होतो. पण झालीच सुरू. बसा.”

फडकं त्यांनी तरीही भिजवलं, आणि मानेवर टाकून गाडीत बसले. ऊन होतंच तसं. चोकची केबल अजून तीच आहे, नाना पेठेत सांगून ठेवली आहे.